शेजारी झोपणाऱ्याची साक्ष



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की श्रोते महागाई, बोनस आणि किमान वेतन ऐकण्याची मनाची तयारी करून बसतात. आज मी त्यांची निराशा करणार आहे. मी बोलणार आहे ते झोपेविषयी, घोरण्याविषयी आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला जे भ्रम होतात त्यांविषयी. वैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. शाळा आठवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते उपचार नव्हेत, इतिहास आहे. मात्र हा इतिहास मला नीट वाचावा लागला, कारण त्यातील एका चुकीत माझाही हात होता.

अपघाताच्या चौकशांनी मला एक धडा शिकवला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली आम्ही जे दावे चालवले, त्यांत साहेबांचा अहवाल असे, नोंदवही असे, नकाशे असत. पण खरे काय घडले हे कळे ते एकाच माणसाकडून. तो म्हणजे जखमीच्या शेजारी काम करणारा. तो बहुधा निरक्षर असे, आणि त्याला बोलावण्याचे सर्वांत शेवटी सुचे. आजचा माझा विषयही अशाच एका साक्षीदाराचा आहे.

प्रथम घडलेली गोष्ट सांगतो. आमचा एक जुना सहकारी तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणीत जन्मभर राबला. निवृत्त झाल्यावर तो आमच्या युनियनच्या वर्गणीचा हिशेब पाही. वीस वर्षांत त्याच्या वहीत एका रुपयाची चूक निघाली नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी विहिरीच्या ओट्यावर त्याचा पाय घसरला आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडले. आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी त्याने चहा घेतला, नातवाची चौकशी केली. तिसऱ्या रात्री मात्र तो एकाएकी उठू लागला. भोंगा झाला, पाळी चुकेल, माझा टोपीवरचा दिवा कुठे ठेवला, असे तो ओरडू लागला. मुलाला त्याने ओळखले नाही. हाताची सुई उपटली. एक नातेवाईक म्हणाला, बाहेरची बाधा आहे. दुसरा म्हणाला, म्हातारा चळला. शेवटी बँडेजच्या पट्टीने त्याचे हात खाटेला बांधण्यात आले. ते हात धरणाऱ्यांत मी होतो.

सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद पाहिले, औषधे पाहिली, आणि मग कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बायकोला विचारले, “आजी, हे रात्री घोरतात का?” आम्हांला तो प्रश्न विचित्रच वाटला. पण त्या माउलीने जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, “मी तं तीस-चाळीस वरीस आयकत आली, बाई. घोरता घोरता मधातच श्वास थांबते. मी उठून हलवतो, मग घुर्रकन येते. पन मले कोनं इचारलंच नाही.”

शस्त्रक्रियेपूर्वी सतरा कागदांवर सह्या झाल्या होत्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, सर्व झाले होते. चाळीस वर्षे रोज रात्री ज्या साक्षीदाराने त्याचा श्वास ऐकला होता, तिची साक्ष तेवढी राहून गेली होती. ती का राहून गेली, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या भाषेने या विद्येला फार मार्मिक नाव दिले आहे. आपण म्हणतो, रोग्याला ‘भूल’ दिली. भूल म्हणजे गुंगी, भूल म्हणजे विस्मरण, आणि भूल म्हणजे चूकही. तिन्ही अर्थ या इतिहासात पुढे येतात. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला तीव्र मद्य पाजावे असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. भोजप्रबंधात तर अशी कथा आहे की, भोजराजाला संमोहिनी देऊन त्याच्या मस्तकावर शस्त्रकर्म केले आणि संजीवनी देऊन त्याला शुद्धीवर आणले. कथा म्हणूनच ती घ्यावी. परंतु तिच्यात एक शहाणपण आहे. निजवणारे औषध आणि उठवणारे औषध ही दोन वेगळी आहेत, आणि निजवणे जितके सोपे तितके उठवणे नाही, हे त्या कथाकाराला ठाऊक होते.

आधुनिक भुलेचा आरंभ १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापासून धरतात. त्या दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहरी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवून निजवले आणि त्याच्या मानेवरची गाठ कापली गेली. पुढील वर्षीच, १८४७ च्या मार्चमध्ये, कलकत्त्याला ईथर वापरले गेले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्या वेळी अवघे दोन वर्षांचे होते. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. तो वापरायला सोपा. रुमालावर काही थेंब टाकले की काम होई. पण दोन-तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडच्या उत्तर भागात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. नख काढण्यासाठी प्राण गेला! तेव्हापासून एक मोठा वाद सुरू झाला. भूल दिलेला माणूस मरतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने? भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवावे, की कान श्वासाकडे लावावा?

हा वाद सोडवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न लंडनला झाला नाही, पॅरिसला झाला नाही. तो हैदराबादेत झाला. आजचा आपला मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता, त्या निजामाच्या राज्यात. तेथील मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासवादी होते. त्यांच्या गुरूंनी, एडिंबरोच्या साइम यांनी, त्यांना शिकवले होते की नाडीची चिंता करू नका, श्वासावर नजर ठेवा. १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याचा निकाल विलायतेत कोणी मानेना. तेव्हा निजामाने खर्च सोसून लंडनहून लॉडर ब्रंटन या नामांकित वैद्याला बोलावून घेतले आणि १८८९ मध्ये दुसरे कमिशन बसवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला तो असा की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. या हैदराबादच्या शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत घेतले जाते, हेही येथे कौतुकाने सांगितले पाहिजे.

आता इतिहासाची गंमत पाहा. कमिशनचा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयही एकाएकी थरथरून बंद पडू शकते. म्हणजे लॉरी हृदयाच्या बाबतीत चुकले होते. तरीही त्यांच्या शिकवणीतला अर्धा भाग आजही उभा आहे. निजलेल्या माणसाचा श्वास कोणीतरी सतत पाहिला पाहिजे, हा तो भाग.

सतत का पाहायचा, याचे एक चित्र आपल्या पुण्याच्या इतिहासात आहे. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाच्या दाहाने आजारी पडले. त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मखाली त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होते. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले. हातातली बॅटरी आणली, तीही विझली, आणि अखेर साध्या कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. साऱ्या देशाचे लक्ष त्या खोलीकडे लागले होते. मी हा प्रसंग वाचतो तेव्हा मला वाटते, सर्जनला उजेड हवा, उजेडावाचून त्याचा हात थांबतो. पण श्वास पाहणाऱ्याला अंधारातही काम करता आले पाहिजे. त्याचे साधन कान आणि तळहात.

मात्र या पहाऱ्याला एक मर्यादा होती. तो शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ सुरू होई आणि तेथेच संपे. रोगी खोलीत परत आला, की गड जिंकला असे सर्व मानत. त्यानंतरच्या रात्रींचा पहारा कोणाचा? आणि त्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या हजारो रात्रींचा? येथे घोरण्याचा इतिहास सुरू होतो.

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. रामायणातला कुंभकर्ण झोपलेला असताना त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या वाऱ्याने मागे ढकलले जातात, ही कथा ऐकून आपण लहानपणी हसलो. लग्नघरी एखादे मामा घोरू लागले की पोरे त्यांच्या नाकाशी काडी नेतात. गाढ घोरतो तो सुखी, असाही समज आहे. युरोपातही थट्टाच होती. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये ‘पिक्विक पेपर्स’ लिहिले, त्यात जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या, दार ठोठावता ठोठावता झोपी जातो. वाचक शतकभर त्याला हसले. १९५६ मध्ये अमेरिकेतील बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लठ्ठ व्यापाऱ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा गृहस्थ पत्ते खेळताना हाती जिंकण्याजोगी पाने आलेली असतानाही झोपी गेला, आणि त्याच वेळी आपल्याला काही आजार आहे हे त्याला पटले! डॉक्टरांना डिकन्सचा जो आठवला, आणि त्यांनी या आजाराला पिक्विकचेच नाव दिले.

परंतु दिवसा झोप का येते, याचे कारण त्यांनाही नीट सापडले नव्हते. ते सापडले १९६५ मध्ये, आणि सापडले ते रोग्याला रात्रभर झोपू देऊन त्याच्याकडे पाहत बसल्यामुळे. फ्रान्समध्ये मार्सेय येथे गास्तो आणि जर्मनीत फ्रायबुर्ग येथे युंग यांच्या मंडळींनी झोपेतला श्वास नोंदवला. छाती हलते आहे, पोट हलते आहे, पण नाकातोंडातून हवा जात नाही. अडथळा घशात आहे. काही सेकंद असे गेले की रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा तेच चक्र. बिचाऱ्याला सकाळी यातले काही आठवत नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या गियेमिनो यांच्या मंडळींनी या आजाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणजे झोपेतील श्वासरोध हे नाव रूढ केले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन तो घसा रात्रभर उघडा ठेवून दाखवला. त्याच तत्त्वावरचे यंत्र आज ‘सीपॅप’ म्हणून मिळते.

तुम्ही म्हणाल, हे लठ्ठ आणि श्रीमंत माणसांचे दुखणे. भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत राबणाऱ्याचे याच्याशी काय नाते? मीही असेच म्हणालो होतो. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण आरोग्य तपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांनी त्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, आणि त्यांतील २५० जणांची झोप रात्रभर त्यांच्या घरी तपासली गेली. झोपेत वारंवार श्वास अडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १९.५ निघाले, दिवसाची झोपाळू अवस्थाही सोबत असलेल्यांचे शेकडा ७.५. ही शहरी माणसे होती, आपल्याकडचे आकडे वेगळे असतील. पण लठ्ठपणा हे एकच कारण नव्हे. जबड्याची ठेवण, घशाची जागा, मानेचा घेर, वाढते वय, रात्रीचे मद्य, यांचाही वाटा असतो. आमचा सहकारी अंगाने मध्यम होता. त्याची मान मात्र जाड होती. आम्ही त्याला पहिलवान म्हणत असू.

तिसरा इतिहास आहे भ्रमाचा. आपण खेड्यात म्हणतो, ‘त्याला वात झाला’. आयुर्वेदाने सन्निपातात प्रलाप सांगितला आहे. तापात माणूस बडबडतो हे कोणाला सांगावे लागत नाही. पण ताप नसताना, चांगली झालेली शस्त्रक्रिया पार पडल्यावर, चार दिवसांपुरता माणूस हरवतो, हे कबूल करायला वैद्यकाला वेळ लागला. १८८७ मध्ये लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळातील जॉर्ज सॅव्हेज यांनी भुलेनंतर बुद्धिभ्रंश झालेल्या रोग्यांविषयी लिहिले. १९५५ मध्ये बेडफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी वृद्धांवर भुलेचे होणारे परिणाम मांडले. त्यांच्या लेखाचे मूळ मला फार बोलके वाटते. ते मूळ म्हणजे नातेवाइकांची तक्रार. शस्त्रक्रियेपासून आमचे वडील पूर्वीसारखे राहिले नाहीत, असे घरचे लोक सांगत आणि डॉक्टर मान डोलावून सोडून देत. बेडफर्ड यांनी त्या तक्रारीला साक्ष मानले आणि तिचा पाठपुरावा केला.

या भ्रमाला डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. तो बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत येतो, रात्री वाढतो, दिवसा उतरतो आणि पुन्हा येतो. ओरडणारा, सुया उपटणारा रोगी सर्वांना दिसतो. पण याचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात म्हातारा शून्यात पाहत पडून राहतो, विचारले तर हो-हो म्हणतो, आणि नातेवाईक समाधानाने सांगतात की बाबा अगदी शांत आहेत. तो मुका प्रकार अधिक फसवा. हे वेड नव्हे आणि बाधा तर नव्हेच नव्हे. मेंदूवर एकाच वेळी अनेक ओझी पडल्याचा तो परिणाम असतो. वय, मोडलेले हाड, वेदना, वेदनाशामक व झोपेची औषधे, जंतूंचा संसर्ग, तुंबलेली लघवी, पाण्याची कमतरता, सुटलेले मद्य, काढून ठेवलेला चष्मा, न लावलेले श्रवणयंत्र, आणि मोडलेली झोप. यांपैकी प्रत्येक ओझे हलके करता येते. बॉस्टनला खुब्याचे हाड मोडलेल्या १२६ वृद्धांची एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्याकडे वृद्धांच्या तज्ज्ञाने आरंभापासून रोज लक्ष दिले, त्यांच्यातील शेकडा ३२ जणांना भ्रम झाला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत शेकडा ५० जणांना. कोणतेही नवे, महागडे औषध न देता एवढा फरक पडला.

आता हे तिन्ही प्रवाह एकत्र येतात. ज्याचा घसा रोज रात्री मिटतो, त्याला भूल दिली, वर वेदनेसाठी अफूच्या जातीची औषधे दिली, आणि पाठीवर उताणे झोपवले, तर तो घसा अधिकच मिटणार, आणि दचकवून जागे करणारी मेंदूची घंटाही मंद वाजणार. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळपास नाहीशी होते, आणि ती पुढच्या रात्रींत व्याजासह परत येते. नेमक्या त्या झोपेतच घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात. म्हणजे धोका टेबलावर संपत नाही. सर्व निश्चिंत झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो डोके वर काढतो. आमच्या सहकाऱ्याची तीच रात्र होती.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील फ्लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गुडघा बदललेल्या १०६ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १५ जणांना झोपेतील श्वासरोध होता. त्यांपैकी ८ जणांना, म्हणजे निम्म्याहून अधिकांना, भ्रम झाला. उरलेल्या ९१ पैकी भ्रम झाला तो १९ जणांना. आकडे लहान आहेत. आणि मी युनियनचा माणूस असलो तरी एकाच बाजूची कागदपत्रे वाचून दाखवणार नाही. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेच्या आगेमागे सीपॅप यंत्र लावून पाहण्याची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात यंत्रामुळे भ्रमाचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. तेव्हा घोरण्यामुळेच भ्रम होतो आणि यंत्राने तो टळतो, असे सोपे गणित मांडता येत नाही. पण श्वासरोध असलेल्या रोग्याचा प्राणवायू शस्त्रक्रियेनंतर उतरण्याची भीती अधिक असते, आणि म्हणून भूलतज्ज्ञाला ते आधी कळले पाहिजे, याविषयी वाद उरलेला नाही.

कळावे कसे? येथे विज्ञान पुन्हा त्या आजीपाशी येते. कॅनडात टोरोंटो येथील भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये आठ प्रश्न ठरवले. पुढे ते जगभर वापरले जाऊ लागले. बंद दाराबाहेर ऐकू येईल असे घोरणे आहे का? दिवसा थकवा, झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? उंचीच्या मानाने वजन फार आहे का? वय ५० च्या वर आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून अधिक आहे का? रोगी पुरुष आहे का? तीन ‘हो’ आले तर सावध व्हावे, पाच किंवा अधिक आले तर धोका मोठा समजावा. या प्रश्नांना यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. आणि पाहा, पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोग्याला स्वतःला देताच येत नाही! झोपलेल्या माणसाने आपली झोप कशी पाहावी? ते उत्तर शेजारी झोपणाऱ्याकडेच असते.

ज्या चिमट्याने बोटातून प्राणवायू मोजतात, त्या पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी शोधले. २०२० आणि २०२१ च्या साथीत तो चिमटा आपल्या गावागावांत, आशाताईंच्या पिशवीत पोहोचला. साथ ओसरल्यावर कित्येक घरांत तो कपाटात पडून आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री असे साधन रोग्याच्या बोटाला असणे ही आज चैन राहिलेली नाही. ते मागण्याचा आपल्याला संकोच नसावा. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की नळीने प्राणवायू चालू असेल तर श्वास मंदावला तरी चिमट्याचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. म्हणून लॉरींचा धडा शिल्लक राहतोच. श्वास पाहा.

आमच्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले ते सांगून मी थांबतो. त्या डॉक्टरीणबाईंनी प्रथम त्याचे हात सोडवले. खाटेची उशाकडची बाजू उंच केली, कुशीवर वळवले, गुंगीच्या औषधांची मात्रा बदलली, प्राणवायूवर पहारा बसवला. लघवी तपासली, संसर्ग निघाला, त्याचे औषध दिले. पिशवीत गुंडाळून ठेवलेला त्याचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर आला. बायकोला उशाशी बसवून त्यांनी सांगितले, वार कोणता, गाव कोणते, तुम्ही कोण, हे पुन्हा पुन्हा सांगत राहा. चार दिवसांनी तो आपल्या जगात परत आला. यांतले कशाने तो बरा झाला हे मी सांगू शकत नाही. कदाचित सर्वांनी मिळून. पुढे झोपेची तपासणी झाली आणि श्वासरोध निघाला.

पण सर्व काही परत आले नाही. त्याला त्या रात्रीचे एकच आठवत होते, ओळखीच्या माणसांनी आपल्याला बांधले. कित्येक महिने तो वर्गणीच्या वहीतली बेरीज तीन-तीनदा करी आणि मग माझ्याकडे वही सरकवून म्हणे, “भाऊ, एकदा तू पाहून घे.” बेरीज बरोबरच असे. त्याचा हिशेब शाबूत होता, हिशेबावरचा विश्वास उडाला होता. हे नुकसान कोणत्या कायद्याखाली भरून मिळते ते मला ठाऊक नाही. मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, “तुले तरी कुठं मालूम होतं?” ते खरे होते, आणि म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

माझे मागणे मोठे नाही. शस्त्रक्रियेला भिऊ नका. मोडलेले हाड घरी ठेवून मंत्रतंत्र करण्यात याहून फार मोठा धोका आहे. पण आपल्या घरातील माणूस शस्त्रक्रियेला निघेल, तेव्हा रेशन कार्ड आणि आधार कार्डाबरोबर त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही भूलतज्ज्ञासमोर न्या. विचारले नाही तरी सांगा. तो दारू घेत असेल तर लाज सोडून सांगा. झोपेचे यंत्र घरी असेल तर ते बरोबर न्या. रात्री तो बडबडू लागला, किंवा फारच गप्प झाला, तर मांत्रिकाकडे धावू नका आणि बांधायला दोरी शोधू नका. परिचारिकेला उठवा आणि म्हणा, हा माणूस असा नव्हता.

हैदराबादच्या कमिशनने शेकडो प्राण्यांचा श्वास मोजला, मार्सेयच्या डॉक्टरांनी रात्री जागून माणसांचा श्वास मोजला. आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांत हे काम बायका बिनपगारी, बिननोंदीच्या रात्रपाळीत करीत आल्या आहेत. श्वास थांबला की त्या हलवतात, आला की पुन्हा निजतात. चळवळीत आम्ही नेहमी म्हणतो, ज्याने काम केले त्याला विचारा. तेवढेच मी आज रुग्णालयाच्या दारात म्हणतो आहे.